पालकासारखी करा!

मराठीतल्या थोर थापांत 'पाच मिनिटांत आलोच'च्या खालोखाल 'काही नाही हो, पालकासारखी करायची!' या वाक्याचा नंबर लागावा. आषाढात रानभाज्यांच्या जुड्या बाजारात आल्या रे आल्या, की घरोघरचे तज्ज्ञ हे वाक्य घेऊन जागे होतात. यांतल्या बहुतेकांनी भारंगी पाहिलेली असते ती वर्तमानपत्राच्या कात्रणात.

माझा या वाक्याला सक्त विरोध आहे. भारंगी पालकासारखी करून वाढा आणि पहिल्या घासाला मंडळींची तोंडं बघा. मुळात ही भाजी कडू. कोवळा पाला चिरून उकडायचा, पाणी घट्ट पिळून काढायचं, मग कांद्यावर परतायचा. सोबतीला भिजवलेले वाल. फोडशीचं दुखणं निराळं. दिसायला निव्वळ गवत, पात्यांच्या बेचक्यात माती. पात न् पात सुटी करून धुतली नाही, तर आपण भाजी खातोय की सातबारा, हे कळत नाही. टाकळा कोवळा आहे तोवरच शहाणा. आणि शेवळं तर पालेभाजीसुद्धा नव्हेत, सुरणाच्या भावकीतला फुलोरा तो! त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया घशाला टोचतात, म्हणून आंबट काकडं नाहीतर चिंच हवीच. घाला बघू पालकात काकडं!

बरं, हे सांगणार कोण? स्टेशनबाहेर गोणपाटावर बसलेली बाई. ठाण्याला मी पहिल्यांदा भारंगीची जुडी उचलली आणि 'मावशी, कशी करू?' एवढंच विचारलं. पैसे हातात पडायच्या आधी तिनं सगळी कृती सांगितली. वर 'पयलं पानी टाकून दे हां, बाई' असं दोनदा बजावलं. शेजारच्या एक बाई मात्र जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणून हटून बसलेल्या. रानातली वेचणी, पहाटेची गाडी, डोक्यावरचं ओझं, हे सगळं पाच रुपयांत उणं करायचं! पाककृतीच्या वर्गाची फी भरताना आपल्यापैकी कुणी घासाघीस केल्याचं ऐकिवात नाही. तिथे तर पावती जपून ठेवतात.

शेवटी बाईंनी ते पाच रुपये सोडवून घेतलेच. पिशवीत जुडी टाकताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या,

"अहो, ही पालकासारखीच करायची ना?"

मी म्हटलं, "मावशींना विचारा."