हळदीला जो न्याय, तो माहितीलाही हवा

दिवा जंक्शनवर मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाला वसईकडून येणारा आणि पनवेलमार्गे कोकणाकडे जाणारा, असे दोन फाटे मिळतात. येथील प्रवासी गाडी कोठवर आली हे जाणण्यासाठी आता चौकशीच्या खिडकीपेक्षा खिशातील फोनवर अधिक विसंबतो. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप उपग्रहाचा संदेश नसतानाही, फोनला कोणत्या मोबाईल मनोऱ्यांचे संदेश मिळतात एवढ्यावरून गाडीचे स्थान सांगू शकते. बंगळूरच्या एका लहान कंपनीने ते तयार केले आणि २०१८ साली गूगलने ती कंपनीच विकत घेतली. बिनतारी संदेशांवरून स्थान ओळखण्याच्या विद्येला बाजारात केवढे मोल आले आहे, हे यावरून ध्यानात यावे. या विद्येवर मालकी कोणाची, याचा निवाडा पेटंट कार्यालयात होतो. म्हणूनच तो केवळ अभियंत्यांचा आणि वकिलांचा प्रश्न उरत नाही.

या विद्येचे मूळ तत्त्व साधे आहे. फलाटावरील प्रत्येक ठिकाणी आसपासच्या मनोऱ्यांचे आणि वायफाय यंत्रांचे संदेश कमीअधिक जोराने पोहोचतात. कोणत्या जागी कोणता संदेश किती जोराचा, याची एक नोंदवही आधी करून ठेवली, की पुढे एखाद्या फोनला मिळणारे संदेश तिच्याशी ताडून त्याची जागा सांगता येते. मायक्रोसॉफ्टमधील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या संशोधकांनी ही पद्धत २००० साली प्रसिद्ध केली. अडचण अशी, की माणसांच्या गर्दीने संदेश क्षीण होतात. रिकाम्या फलाटावर केलेली नोंद सकाळच्या गर्दीत चुकते. ही चूक आवरण्यासाठी हजारो नोंदींतून यंत्रालाच नियम शिकू देणे, हे यंत्रशिक्षणाचे काम. आज पेटंटसाठी मागणी होते ती बहुतांशी या शिकवण्याच्या रीतींवर.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार निव्वळ गणिती पद्धत, निव्वळ संगणक-प्रणाली आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. ही मर्यादा सैल करणारी तरतूद २००४ च्या अध्यादेशात होती. २००५ साली संसदेने ती स्वीकारली नाही. मात्र शोधामुळे खरोखर तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ संगणकाचा वापर आहे एवढ्यावरून तो नाकारता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले. हा दंडक योग्यच आहे. भर गर्दीतही स्थान अधिक अचूक मिळते, असे मोजून दाखविणाऱ्या पद्धतीचा विचार अवश्य व्हावा. परंतु पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदवहीला यंत्रशिक्षणाचे नाव जोडले, एवढ्याने नवा शोध सिद्ध होत नाही.

तथापि खरी मेख पुढेच आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला सौदा होय. समाज वीस वर्षांची मक्तेदारी देतो आणि मोबदल्यात संशोधकाने आपली विद्या संपूर्णपणे उघड करावयाची असते. मुदत संपल्यावर कोणाही जाणकाराला ती वापरता यावी, हा यातील हेतू. यंत्रशिक्षणात मात्र रीत कागदावर मांडूनही विद्या झाकलेलीच राहू शकते. कारण तिचा प्राण, म्हणजे यंत्राला शिकविणारी माहिती, अर्जदाराच्या कुलपात असते. ही माहिती येते कोठून? रोज ठाण्याला आणि मुंबईला जाणाऱ्या असंख्य सामान्य माणसांच्या फोनमधूनही ती गोळा होऊ शकते. लोकांच्या पायपिटीतून नोंदवही भरावी आणि तिच्या आधारे मिळालेला हक्क एकाने भोगावा, हा सौदा एकतर्फी ठरेल.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कायद्यात, शेजारच्या कलमात सापडते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाला १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पुढे आपल्या कायद्यात तरतूद झाली, की शोधात जैविक पदार्थ वापरला असेल तर तो कोठून मिळाला व मूळचा कोणत्या प्रदेशातील, हे अर्जातच सांगितले पाहिजे. ते लपविले तर पेटंटला हरकत घेता येते. हळदीच्या बाबतीत जो न्याय आपण मान्य केला, तोच माहितीला का लावू नये?

यावर असा आक्षेप येईल, की माहितीचा उगम सांगणे म्हणजे व्यापारी गुपित फोडणे होय. मग संशोधनात भांडवल कोण गुंतवील? उत्तर सरळ आहे. ज्याला गुपित राखावयाचे असेल त्याने ते खुशाल राखावे, पण मग पेटंट मागू नये. गुपितही आपले आणि मक्तेदारीही आपलीच, असे दुहेरी माप समाजाने का भरावे? शिवाय येथे कोणा प्रवाशाची वैयक्तिक नोंद जाहीर करा, असे म्हणणे नाही. माहिती कोठून, कोणत्या रीतीने आणि कोणाच्या संमतीने घेतली, एवढेच सांगावयाचे आहे. कार्यालयीन मार्गदर्शक तत्त्वे बदलत राहतात व त्यांना कायद्याचे बळ नसते. म्हणून हे काम कायद्यातील दुरुस्तीनेच व्हावयास हवे.

तोवर नागरिकांच्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतो. खेदाची गोष्ट ही, की पूर्वी विनामूल्य असलेल्या या हरकतीवर २०२४ च्या नियमांनी शुल्क बसविले. सार्वजनिक हिताची राखण करणाऱ्यावरच हा भार टाकणे अर्थशास्त्राला धरून नाही; ते शुल्क, निदान शिक्षक, विद्यार्थी व शिक्षणसंस्था यांच्यापुरते, रद्द झाले पाहिजे. अचूकतेचा एखादा दावा खरा की पोकळ, हे सकाळी आठच्या गर्दीत दिव्याच्या फलाटावर अभियांत्रिकीचे चार विद्यार्थीही मोजून पाहू शकतील. त्यांची ती मोजणी परीक्षकाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी ठेवणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.