शेठाणीची बेडी

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही बायका मंदिरात हात जोडून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत साऱ्या जीवांची क्षमा मागतो. मागच्या वर्षी बाहेर पडताना एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरचा धंदा किती निर्दोष हो! रोपं वाढवायची नि विकायची. पापाला जागाच नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

धंदा माझ्या दिरांचा. पाटणकर बाजारात आमच्या घराखाली कुंड्या, बियाणं, खत यांचं दुकान आणि शहराबाहेर भाड्याच्या जागेत नर्सरी. लोकांच्या गच्चीवर, बंगल्यापुढे बागा करून देतात. नर्सरीत पाणी घालायला, पन्न्यांत माती भरायला एक सहरिया जोडपं तिथंच झोपडीत राहायचं.

मग दिवाळीची सफाई निघाली. चांदीच्या वाट्यांच्या डब्याखाली मला दोन आधार कार्डं सापडली. सापडली कसली, मीच ठेवली होती. फाल्गुनात भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, ही जपून ठेवा, झोपडीत हरवतील." मी जपून ठेवली. पंधरा हजार पेशगी घेऊन आलेली माणसं ती. पावसाळ्यात पोराच्या तापासाठी आणखी चार हजार घेतलेले. राखीला त्या बाईला माहेरी जायचं होतं. "आधी हिसाब पूर्ण करा," असं उत्तर मिळालं आणि ती गेली नाही. हे बोलणं माझ्यासमोर झालं होतं. मी चहा गाळत होते.

याला नोकरी म्हणत नाहीत. याला कायद्यात नाव आहे, वेठबिगारी. 1976 चा कायदा सांगतो की आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचा दुसरीकडे काम करण्याचा किंवा मोकळेपणानं कुठंही जाण्याचा हक्क काढून घेतला, तर ती वेठबिगारी. ते कर्ज कायद्यानं संपलेलं असतं. ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायचं सावकारानं, मजुरानं नव्हे. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात आणखी पुढं जाऊन सांगितलं की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन राबवणं हेसुद्धा सक्तीचं श्रम आहे, कारण भूक हीच सक्ती. साखळदंड लागत नाही. डब्याखालचं कार्ड पुरतं.

मी हे बोलले तर घरात एकच सूर, "अडीअडचणीला आम्हीच पैसे दिले ना? ही दया नाही का?" नाही. दया दिली की विसरायची असते. ही तर वहीत लिहिलेली होती, आणि वही एकट्या भाऊजींच्या हातात. दर आठवड्याला खर्ची मिळायची, खरा हिशेब हंगाम संपल्यावर. मधेच गेलं तर सगळं बुडालं. बाईची मजुरी किती, हे मी तिला विचारलं तेव्हा ती गोंधळली. तिच्या नावानं मजुरी नव्हतीच. जोडीचा एकच आकडा होता. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिथं उचल घेऊन आलेल्या ऊसतोड नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकलं आणि कधी खटकलं नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणाऱ्या वारल्यांना 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली गोदावरी परुळेकरांनी त्यांना उभं केलं तेव्हा ते जोखड हललं. कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं.

दुसरा बचाव असा, की आपण लहान माणसं, माल जिथून येतो तिथलं आपल्याला काय ठाऊक? अहो, भाव ठाऊक असतो ना! वीट कुठल्या भट्टीची पक्की, फर्शी कुठल्या खाणीची स्वस्त, हे भाऊजी झोपेत सांगतील. ग्वाल्हेरचा हिरवट-पांढरा दगड 'मिंट' नावानं विलायतेतल्या बागांच्या पायवाटांना जातो. तिथं 2015 पासून मोठ्या कंपन्यांना दरवर्षी लिहून द्यावं लागतं, की आपल्या मालाच्या साखळीत गुलामी राहू नये म्हणून काय केलं. त्यातली किती निवेदनं खरी, हा वेगळा प्रश्न. पण निदान प्रश्न विचारला जातो. आपले पूर्वज गोपाचलाच्या दगडात तीर्थंकर कोरवून घेत होते. आपण त्याच मुलखातला दगड घेताना छिन्नी धरणाऱ्याला हिशेब मिळतो का, एवढंही विचारत नाही.

आणि आपण तर व्रतं घेणारी माणसं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार वाचा. बांधून ठेवणं, मारणं, अंग छेदणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं. आपण ते बैलापुरते समजून घेतले. परिग्रहाच्या यादीत तर सोनं-चांदी, धन-धान्य यांच्या जोडीला दासी-दासही मोजलेले आहेत. दशलक्षणात हा भाग आला की पंडितजी भरभर पुढं जातात. 'जुन्या काळची गोष्ट' म्हणतात. जुनी कसली? माझ्या डब्याखाली होती. कंदमुळं सोडली, पाणी गाळलं, चौविहार पाळला, आणि पन्न्या भरणाऱ्या पंचेंद्रियाची मोजणी कुंड्यांत केली.

चंदनेची गोष्ट आपण मुलींना सांगतो. बाजारात विकली गेलेली राजकन्या, पायात बेडी, आणि महावीरांनी आहार घेतला तो तिच्याच हातून. ऐकताना प्रत्येक बाई स्वतःला चंदना समजते. मीही समजायचे. पण तिला बेडी घातली कुणी? राजानं नाही, दरोडेखोरानं नाही. व्यापाऱ्याच्या घरातल्या शेठाणीनं. किल्ली तिच्याकडे होती. आपल्या घरांतल्या किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात, सांगा बघू.

मी कार्डं परत दिली आणि वही मागितली. दोघांची हजेरी वेगवेगळी मांडून किमान मजुरीनं हिशेब केला, तर देणं आमच्याकडेच निघालं. भाऊजींनी वही मिटली. चार दिवसांनी पैसे दिले, पण पूर्ण नाहीत. उरलेले माझ्या घरखर्चातून गेले आणि ते मी यांना सांगितलेलं आहे. जोडपं गावी गेलं, परत आलं नाही. आठवडाभर नर्सरीत पाणी पडलं नाही, शेवंतीची निम्मी रोपं वाळली. त्याचं खापर माझ्यावर. जेवताना भाऊजी मीठ मागतात, बाकी बोलत नाहीत.

आता नवं जोडपं आलं आहे. उचल दिली, पण त्याची वही त्यांच्याकडे. बाईचं खातं वेगळं. कार्डं त्यांच्या पेटीत. जायचं म्हटलं की जायचं, उरलेली उचल बुडाली तर बुडाली. कुंड्या फुटतात तेव्हा तो तोटा धरतोच की आपण. एवढं भाऊजींनी कुरकुरत मान्य केलं. भट्टीचं मात्र नाव काढू देत नाहीत, "तुम्ही विचारायला गेलात तर तो विटा द्यायचा बंद होईल" म्हणतात.

सोमवारी मी जाणार आहे. भट्टीवाल्याला काही विचारायचं नाही. तो भाव सांगेल. विटा थापणाऱ्या बाईला विचारायचं आहे, की हाटाच्या दिवशी तुम्ही सगळे एकदम जाता, का कुणाला तरी मागं ठेवून घेतात?