भोंगा वाजल्यावर

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ सालापासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे. साडेआठला पुन्हा भोंगा होईल, तेव्हाच सुरू करायचे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावाने एकत्र बसून हा निर्णय घेतला.

ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातला रमजानचा भोंगा आठवला. तो वाजला की सगळं गाव एकाच क्षणी खजूर तोंडात टाकतं. लहानपणी त्या भोंग्यानंतरची पंधरा मिनिटं फक्त घरातल्या माणसांची असत. अब्बा दुकानातल्या गमती सांगत, अम्मी शेजारी पाठवायची ताटं लावत असे. भोंगा आजही वाजतो. पण गेल्या रमजानमध्ये आमच्या दस्तरखानवर सात माणसं होती आणि पाच फोन. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, त्या पाचांतला एक माझा होता.

आपण फोनला दोष देतो तेव्हा वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, मुलं अभ्यास करत नाहीत, एवढंच बोलतो. माझं नुकसान वेगळं झालं. फोनमुळे मी एक मित्र जवळजवळ गमावला होता.

आम्ही पहिलीपासून एका वर्गात होतो. दिवाळीला त्याच्या आईकडून फराळाचा डबा यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून अम्मी तो ईदपर्यंत सांभाळून ठेवायची आणि शिरखुर्मा भरून पाठवायची. पुढे शाळेतल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. एके दिवशी त्यावर मुसलमानांविषयी एक विखारी मजकूर आला. पाठवणारा तोच होता. मी पुराव्यांसकट लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर त्याने अंगठा दाखवला. मी ग्रुप सोडला. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग एका सकाळी त्याच्या स्टेटसवर त्याच्या आईचा हार घातलेला फोटो दिसला. मी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, हात जोडलेलं चिन्ह टाकलं आणि कामाला लागलो. संध्याकाळी अम्मीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “घर गया था क्या?”

दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या वडिलांनी हात धरून जवळ बसवलं. दोन तास बसलो. फार बोलणं झालंच नाही. निघताना दारात तो म्हणाला, “तो मेसेज मी वाचलाही नव्हता रे. आला तसा पुढे ढकलला.”

एवढ्यावर सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पुढे ईदला तो घरी आला, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं की न वाचता पुढे पाठवणं हाही गुन्हाच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यामागेही अशाच अफवा होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मित्राने सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी वादही घातला. पण समोर बसलेल्या माणसाला अंगठा दाखवून विषय संपवता येत नाही. हेच ग्रुपवर लिहिलं असतं, तर आणखी तीन वर्षं गेली असती.

फोन वाईटच, असंही मी म्हणत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात कमावतात. पूर्वी पत्राची वाट बघत दिवस काढणाऱ्या बायका आज रोज नवऱ्याचा चेहरा बघतात. तिथे फोन अंतर कमी करतो. प्रश्न आहे तो दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसालाही आपण आखातात असल्यासारखं वागवतो, याचा.

आपल्याकडे नातेवाइकांशी संबंध जोडून ठेवण्याला ‘सिला-रहमी’ म्हणतात. आजाऱ्याच्या भेटीला ‘इयादत’ आणि दुःखातल्या घरी जाऊन धीर देण्याला ‘ताजियत’ असे वेगळे शब्द आहेत. मशिदीत त्यावर बयानं होतात. आपण ती ऐकतो, बाहेर येतो आणि ‘इन्ना लिल्लाहि’ टाइप करून ताजियत उरकतो. इयादतीला जायचं म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, औषधांचा वास सोसायचा, काय बोलावं हे न सुचता गप्प राहायचं. नातं घट्ट होतं ते या अवघडलेपणातून. फोनने आपली नेमकी त्यातूनच सुटका केली आहे.

वडगावकरांनी सगळ्यांनी मिळून एकाच वेळी थांबायचं ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकट्याने फोन बाजूला ठेवला तर समोरच्याच्या डोक्याकडे बघत बसावं लागतं. आपल्याला तर नवा भोंगा बसवायचीही गरज नाही, वर्षातले तीसेक दिवस तो वाजतोच. या रमजानमध्ये इफ्तारपासून मगरिबच्या नमाजपर्यंत घरातले सगळे फोन एका टोपलीत ठेवायचे, असं आमच्या घरी ठरलं आहे. आणि ज्याच्याशी मेसेजवरून बिनसलं, अशा एकाच्या तरी घरी ईदला स्वतः जायचं. डबा घेऊन.