नियंत्रकावर नियंत्रण कोणाचे?

यंत्र कितीही अजस्र असो, माणसाचा त्याच्याशी संबंध येतो तो हाताखालच्या कळीतून. जो कळ दाबतो तो यंत्र चालवतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु कळ दाबणारा आणि ती कळ कोणत्या अटींवर चालावी हे ठरवणारा हे दोघे एक नसतात. मालकीचा खरा प्रश्न या दोघांमधील अंतरात दडलेला आहे. व्हिडिओ खेळांचा कंट्रोलर हे पोराटोरांचे खेळणे मानून विचारी माणसे त्याकडे पाहतही नाहीत. वस्तुतः मक्तेदारीची वाटचाल इतक्या स्वच्छपणे दाखवणारी वस्तू क्वचितच सापडेल.

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीने आणलेल्या खेळयंत्राचा दांडा घ्या. चार दिशांचे चार आणि बटणाचा एक असे पाच साधे स्विच, आणि नऊ टोकांची एक जोडणी. दांडा जिकडे झुकेल तिकडचा स्विच जुळे. याहून अधिक गूढ त्यात काही नव्हते. म्हणूनच १९८२ च्या कमोडोर ६४ या दुसऱ्या कंपनीच्या संगणकालाही तोच दांडा चाले, आणि बिघडल्यास रेडिओ दुरुस्त करणारा साधा कारागीरही तो उघडून नीट करू शके.

१९८५ साली निन्टेन्डोने अमेरिकन बाजारात आणलेल्या यंत्रात मात्र एक नवी चिप होती. खेळाच्या कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप आढळली नाही, तर ती खेळ चालूच देत नसे. ही चिप म्हणजे चार बिटांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर. पण त्याचे काम खेळ चालवण्याचे नव्हते, परवाना नसलेल्याला नाकारण्याचे होते. कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी आता वस्तूच्या पोटात जाऊन बसला.

तो आजही तेथून हललेला नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी एक कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीमागे १९ साध्या खाचा होत्या. ज्याला बोट हलवता येत नाही त्याने पायाने, कोपराने वा हनुवटीने चालणारा स्विच तेथे जोडावा, ही त्यामागील कल्पना. ती निःसंशय स्तुत्य होती. परंतु त्याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली जोडउपकरणे आपल्या एक्सबॉक्सवर बंद पाडण्यास सुरुवात केली. गुणवत्ता आणि सुरक्षितता ही कारणे देण्यात आली, आणि ती सर्वस्वी खोटी आहेत असे नाही. प्रश्न एवढाच, की ग्राहकाने दाम मोजून घेतलेल्या यंत्राला काय जोडावे, याचा निवाडा विक्रीनंतरही विक्रेत्याच्याच हाती का राहावा? एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेता येते. हक्क तसा काढून घेता येत नाही.

याच्या उलट वाटही याच क्षेत्रात निघाली, हे विशेष. २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी ‘आर्डुइनो’ हा मायक्रोकंट्रोलरचा स्वस्त बोर्ड तयार झाला. त्याच्या पायाशी एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याचे ‘वायरिंग’ हे काम होते. बोर्डाचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले गेले: कोणीही ते वापरावेत, बदलावेत, विकावेत, मात्र बदललेले आराखडेही तसेच खुले ठेवावेत. परिणामी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या बुधवार पेठेत सामान्य घरचा विद्यार्थीही असा बोर्ड घेऊ शकतो. संगणकापुढे स्वतःला कळफलक वा खेळाचा दांडा म्हणून सादर करणारे बोर्डही यात आहेत. अपंग भावासाठी हवा तसा कंट्रोलर घरच्या टेबलावर घडवणे त्यामुळे शक्य झाले.

तथापि खुलेपणा मालकाच्या मर्जीवर सोडून निर्धास्त राहता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या बलाढ्य चिप कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. पूर्वी खुले केलेले आराखडे आता कोणी परत घेऊ शकत नाही. पुढच्यांची हमी मात्र केवळ सदिच्छेवर उभी आहे.

येथेच कायद्याचे काम सुरू होते. कॅलिफोर्नियाने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, पण खेळयंत्रे त्यातून वगळली. भारत सरकारने २०२२ साली या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे प्रथम निवडली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आधी, हे योग्यच. परंतु तत्त्व सर्वत्र एकच आहे. कायदा मनात आणील तर काय करू शकतो, हे युरोपीय संघाने दाखवले आहे: डिसेंबर २०२४ पासून तेथे मोबाइलबरोबर हातातील खेळयंत्रांनाही चार्जिंगची एकच समाईक जोडणी सक्तीची झाली.

भारतातही जोडणीचे निकष सार्वजनिक असावेत, आणि सरकारी पैशाने शाळा-महाविद्यालयांसाठी घेतलेला प्रत्येक बोर्ड खुल्या आराखड्याचा असावा. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेने ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञावलीवर ‘वेगा’ प्रोसेसर उभारले आहेत. तेव्हा साधनांची सबब पुढे करण्याचे कारण नाही. कळ ज्याच्या हाताखाली आहे, तिच्यामागची तार उघडून पाहण्याचा अधिकारही त्यालाच हवा. तो नसेल, तर खेळ त्याचा असला तरी डाव दुसऱ्याचाच राहील.