पट सात, हजर सात

मागच्या उन्हाळ्यात पाटणला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी आमचे दाजी. (दाजी, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. वाचाच.) विषय निघाला मामेभावाच्या वाडीतल्या शाळेचा. कोयनानगरच्या वरच्या अंगाला ती वाडी आहे, नाव मुद्दाम देत नाही. झेडपीची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई. फळ्याच्या कोपऱ्यात रोज लिहिलेलं असतं: पट सात, हजर सात. दाजी म्हणाले, "सात पोरांवर दोन मास्तर? शासनाला परवडायचं कसं? बंद करावी आन् पोरं गाडीत घालून खाली आणावी." चार जणांनी माना डोलावल्या. मी काहीतरी बोललो, मग जरा जास्तच बोललो आणि जिलबी ताटात तशीच राहिली. तिथं जे धड बोलता आलं नाही ते इथं लिहितोय.

आता हे काही दाजींच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं राज्यात ठरलं होतं, त्यावर बराच गदारोळ झाला. २०२३ मध्ये 'समूह शाळा' आल्या. म्हणजे वीस किंवा त्याहून कमी पटाच्या आसपासच्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीनं न्यायचं-आणायचं. पानशेतचं उदाहरण त्यासाठी पुढे ठेवलं गेलं. मग मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयात, अशा छोट्या शाळेत दुसरा शिक्षक निवृत्तांमधून घ्यावा असं आलं. सप्टेंबरात कंत्राटी नेमणुकीचा आदेश निघाला आणि २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षक सामुदायिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. नाव दर वेळी वेगळं, हिशेब तोच. पट मोजायचा आणि भागायचं.

समूह शाळेच्या बाजूनं जे बोललं जातं ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तिसरीत एकटंच मूल असेल तर ते कुणाशी भांडणार, कुणाच्या वहीत डोकावणार? सात पोरांत खो-खोचा संघ होत नाही. पेटी वाजवणारे गुरुजी सात पोरांच्या वाट्याला येत नाहीत. हे दुखणं खरं आहे. पण त्यावरचं औषध म्हणून सहा वर्षांच्या पोराला रोज घाटात न्यायचं, इथं माझं आणि दाजींचं फाटतं.

दाजी, तुमचं घर कराडात. तुम्ही कोयनेला येता ते धरणाचे दरवाजे उघडले म्हणून किंवा ओझर्ड्याचा धबधबा बघायला. येताना भजी, जाताना भजी. आषाढ-श्रावणात तिथं राहून बघा. नवजाचा पाऊस दर वर्षी पेपरात येतो, पाच हजार मिलिमीटरच्या घरात, कधी वर. दरड आली की एसटी बंद, झाड पडलं की वीज बंद. संध्याकाळी लवकर अंधारतं आणि वाटेवर गवा उभा असतो, तो हॉर्न वाजवून हटत नाही. २०२१ च्या जुलैत याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. त्या आठवड्यात शाळेची गाडी कुठल्या रस्त्यानं गेली असती? शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय. आमच्याकडचा एक किलोमीटर नकाशावर बोटभर दिसतो आणि पायाखाली अर्धा तास घेतो.

शिवाय पट कमी का झाला ते कुणी विचारत नाही. खोऱ्यातली सपाट जमीन शिवसागराखाली गेली, गावंच्या गावं उठून ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे गेली. उरल्या त्या डोंगरउतारावरच्या वाड्या. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प झाला, त्यात आणखी काही उठल्या. तरणी माणसं मुंबईला माथाडीत. माझ्या मामेभावाचा मुलगा वाशीच्या मार्केटात आहे आणि त्याची पोरगी, दुसरीतली, वाडीत आजी-आजोबांकडे. आजोबांचे गुडघे गेलेत. म्हणजे आपणच खोरं रिकामं करायचं आणि मग म्हणायचं, इथं पोरं कुठायत!

माझं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील प्रकल्पावर होते, शाळा पाच मिनिटांवर. पाचवीत माझ्या बाकावर एक मुलगा आला, वरच्या वाडीतला. पाढ्यांत माझ्या दुप्पट हुशार. पावसात तो दप्तर इरल्याखाली पोटाशी धरून यायचा, दप्तर कोरडं आणि स्वतः चिंब. श्रावणात आठ-दहा दिवस आला नाही, मग यायचा, मग परत नाही. उशिरा आला म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करत. दिवाळीनंतर तो आलाच नाही. त्याचं नाव पटावर वर्ष संपेपर्यंत होतं, रोज त्याच्यापुढे गैरहजेरीची खूण पडायची, पण त्याच्या घरी कुणी गेलं नाही. मीही नाही. अकरा वर्षांचा होतो हे खरं, पण पंचवीस-तीस वर्षांनी तो मला हेळवाकच्या स्टँडवर भेटला तेव्हा हे कारण काही तोंडातून निघेना. त्यानं चहा पाजला, पैसेही त्यानंच दिले.

असो. मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं एवढंच की मुलं हलवू नका, माणूस हलवा. आणि तो माणूस आपल्याकडे कागदावर आहेसुद्धा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक दीडशेच्या वर पट असेल तरच दिलाय. म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या वाडीच्या शाळांना स्वतंत्र मुख्याध्यापक नाहीच. दोघांतला जो जुना तो चार्ज सांभाळतो. मग या दहा-बारा शाळांचं मिळून मोठं माणूस कोण? केंद्रप्रमुख! १९९४ मध्ये हे पद निघालं ते याचसाठी. शाळांत जायचं, वर्गात बसायचं, शिक्षकाला हात द्यायचा. राज्यात अशी ४८६० केंद्रं आहेत. त्यातली ढीगभर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली, एकेका माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा चार्ज. आणि जो आहे तो काय करतो? माहिती गोळा करतो. पोषण आहाराचे तांदूळ किती, यू-डायस भरलं का, आधार जुळलं का, झाडं किती लावली, फोटो टाका, तात्काळ टाका. आमच्या वाडीच्या बाईंना फोनला रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं. त्या टेकाडावर असतात तेव्हा सात पोरं वर्गात एकटी असतात. याला आपण शैक्षणिक नेतृत्व म्हणतो!

असं करायचं नसेल तर कसं करायचं, हे शिकायला कुठं लांब जायची गरज नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीट आहे. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या चाळीसेक झेडपी शाळांत जे केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून येत होते. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं त्याच्या मागे हे काम होतं. फळे मुलांच्या उंचीवर आले, फरशीवर अंक आणि अक्षरं आली, छडी गेली, आणि 'हे पोरगं ढ आहे' हे वाक्यच बाद झालं. विस्तार अधिकारी म्हणजे तपासणीला येणारा साहेब, हे चित्र एका बाईंनी पुसलं. मग आपण काय केलं? फरशी रंगवली. मी स्वतः अशा शाळा पाहिल्यात, ऑइलपेंटची सुंदर चित्रं आणि त्यावर रांगेत गप्प बसवलेली पोरं. रंगाची नक्कल सोपी होती. चाळीस शाळांत सारखं जायचं, शिक्षकांशी बोलायचं आणि मागे राहिलेल्या मुलापासून सुरुवात करायची, याची नक्कल अवघड.

आणि त्याच्याही आधी याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वाडीवस्तीवर व्हॉलंटरी प्राथमिक शाळा काढल्या होत्या, एकूण ५७८. देवळात, चावडीत, जागा मिळेल तिथं. शासनाला तेव्हा तरी परवडत होतं का, दाजी? त्यांनी पोरं मोजून शाळा काढली नाही. जिथं शाळा नाही ती वाडी शोधली.

तर कोयनेच्या खोऱ्यापुरतं माझं मागणं असं. केंद्रप्रमुखाच्या हाताखाली एक कारकून द्या, सगळी माहिती त्यानं भरावी. केंद्रप्रमुखाला फक्त एक वही द्या, तीत खोऱ्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव. भेटीला गेला की विचारायचं, वाचता कुणाला येत नाही, चार दिवस कोण आलं नाही, त्याच्या घरी कोण गेलं? पेटीवाले गुरुजी, खेळाचे सर, विशेष मुलांसाठीचे शिक्षक केंद्राला जोडा आणि त्यांना वाडीवाडीनं फिरवा, आठवड्याला एक वाडी. (वाडीत एक मुलगा आहे, त्याला ऐकू कमी येतं. तो मागे बसतो, कारण उंच आहे. ही गोष्ट कुठल्या ऑनलाइन तक्त्यात बसते?) आणि दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की महिन्यातून दोनदा सगळ्या वाड्यांची पोरं कोयनानगरच्या मैदानावर आणा. खो-खोही होईल, भांडणंही होतील. त्यासाठी गाडी करा, माझी काही हरकत नाही. रोजची गाडी वाचलीच आहे.

यावर दाजींचा मुलगा, जो हुशार आहे, म्हणाला की काका, हे सगळं एका चांगल्या अधिकाऱ्यावर अवलंबून, त्याची बदली झाली की संपलं. खरंय. मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पण तहसीलदाराची बदली झाली म्हणून आपण सातबारा बंद करत नाही, वही पुढच्याच्या हातात जाते. इथं ती वहीच नाही. केंद्रप्रमुख गेला की त्याच्या जागी येतो तो तांदळाचे आकडे घेऊन बसतो, कारण त्याला वरून तेवढंच विचारलं जातं. साताऱ्यातून खाली, पाटणमधून खाली, कुणी एकदा तरी विचारलं पाहिजे की त्या न ऐकू येणाऱ्या पोराचं काय झालं. हे विचारायला जीआर लागत नाही.

आणि आपण, जे भावकीतले, शिकून बाहेर पडलो? वाडीच्या शाळेत व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पालक नाहीत, कारण पालक वाशीला. आजोबा अंगठा उठवून येतात. मीही गेल्या दहा वर्षांत त्या शाळेत दोनदा गेलो, दोन्ही वेळा वह्या वाटायला आणि फोटो काढायला. तेव्हा दाजींवर फार ओरडायचा मला अधिकार नाही, हे आमच्या सौ.नं परतताना गाडीत सांगितलंच.

परवा मामेभावाचा फोन आला होता. नातीला आता जोडाक्षरं येतात, तिनं फोनवर 'व्याघ्र प्रकल्प' म्हणून दाखवलं. या वर्षी चौथीतली दोन पोरं पाचवीला खाली जातील. पहिलीत एकच यायचंय. जूनमध्ये पट सहा.