अहो, समोर बघा!

परवा एका मित्राचा फोन आला. पन्नाशीला टेकल्यावर गड्याने एकदाची बुलेट घेतली. आता दिवाळीनंतर कोकण, मग गोवा, जमलं तर हंपी. "मोटरसायकलला जीपीएस कुठला लावू? मोठा स्क्रीन हवा. बजेटची काळजी करू नकोस."

मी म्हटलं, "स्क्रीन बघणार आहेस की रस्ता?"

त्याला राग आला. मी नेहमीसारखा तिरकं बोलतोय असं वाटलं असणार. (तसा मी बोलतोही!) पण या वेळी प्रश्न अगदी सरळ होता. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: मोटरसायकलवर नकाशा डोळ्यांनी वाचायचा नसतो, कानांनी ऐकायचा असतो. ज्या यंत्राकडे सारखं बघावं लागतं ते कितीही महाग असलं तरी दुचाकीसाठी निकामी आहे. त्यामुळे "किती इंची घेऊ?" हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. डिसेंबर २०२१. मी आणि बायको पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो होतो. हँडलवर फोन, फोनवर नकाशा, मी खूश. घाट उतरून विळ्याच्या जरा अलीकडे स्क्रीनवर एक पट्टी आली. दुसऱ्या रस्त्याने गेलात तर सात मिनिटं वाचतील, हवं असल्यास इथे दाबा. मी हातमोज्यातलं बोट पुढे केलं. लागलं नाही. परत दाबलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, समोर बघा!"

समोर सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारा एक शाळकरी मुलगा होता. तो वाचला. गाडी घसरली. मला खरचटलं आणि बायकोचं मनगट मोडलं. सात मिनिटं वाचवायला गेलो आणि सहा आठवडे प्लास्टर! ती आजतागायत त्यावरून एक शब्द बोललेली नाही, आणि तेच जास्त टोचतं.

नंतर घरी बसून हिशेब केला. वेग ताशी ५० च्या आसपास होता. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दोन सेकंद खाली बघितलं की २८ मीटर तुम्ही आंधळे. दोन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तरी त्याहून कमी अंतर भरेल. चारचाकीवाला एवढ्या वेळात चुकला तर निदान पत्रा चेपतो. आपल्याकडे पत्रा कुठे आहे? आपण स्वतःच पत्रा.

आता काही जण म्हणतील, "मग कशाला हवीत ही थेरं? आम्ही विचारत विचारत सगळा महाराष्ट्र पालथा घातला." ही मंडळी मला तितकीच खटकतात. विचारत जाणं छानच, पण रात्री नऊ वाजता घाटात, पावसात, विचारायचं कुणाला? आणि "हे काय, इथंच, हाकेच्या अंतरावर" या उत्तरावर विसंबून मी सात-सात किलोमीटर हाका मारत गेलो आहे. यंत्र वाईट नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांना मिळणारा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे, तेव्हा शंभर मीटरची चूक सहज व्हायची. आज साधा फोन मोकळ्या आभाळाखाली काही मीटरपर्यंत जागा सांगतो. अशी सोय नाकारण्यात कसला आलाय पुरुषार्थ?

बरं, "घाटात रेंज नसते, मग जीपीएस कसा चालणार?" हेही नेहमी ऐकू येतं. जागा कळायला मोबाइलची रेंज लागतच नाही. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की काम झालं. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. तो आदल्या रात्री घरीच उतरवून ठेवला की प्रश्न मिटला. म्हणजे घाटात फसतो तो जीपीएस नव्हे, आपला आळस.

आता मुद्द्याची खरेदी. गार्मिनच्या झूमोसारखी खास मोटरसायकलची यंत्रं उत्तम असतात यात वाद नाही. पाऊस सोसतात, हातमोज्यांनी चालतात, भर उन्हात दिसतात. जो महिनोन्‌महिने भटकणार आहे त्याने जरूर घ्यावं. पण वर्षातून चार सहली करणाऱ्याने त्यापायी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. त्याला घरात पडलेला जुना फोन पुरतो. जुनाच, कारण मोठ्या इंजिनच्या थरथरीने कॅमेऱ्याची बारीक यंत्रणा बिघडू शकते असा इशारा खुद्द अॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनबाबत दिला होता. शिवाय चालू फोन बॅटरीसकट खिशात राहतो. अडचणीत फोन करायला तोच लागणार असतो.

पैसे घालायचेच असतील तर हेल्मेटमधल्या स्पीकरवर घाला. हे कानात खुपसायचे इअरफोन नव्हेत. हेल्मेटच्या अस्तरात बसणाऱ्या चपट्या चकत्या असतात, आवाज बेताचा ठेवला की मागचा हॉर्नही ऐकू येतो. "दोनशे मीटरवर डावीकडे" एवढंच मला हवं असतं. गाणी नकोत. उरलेल्या पैशात थरथर शोषणारा चांगला धारक घ्या, आणि चार्जरची वायर बॅटरीवरून घेताना मध्ये फ्यूज टाकायला मेकॅनिकला विसरू देऊ नका.

आणि मग मांडणी, जी कुणीच करत नाही! पन्नास हजारांचं यंत्र घेतात आणि सकाळी पेट्रोलपंपावर उभे राहून रस्ता टाकतात. माझी रीत अशी: आदल्या रात्री चहा घेऊन बसायचं. ऑसमअँडसारख्या, ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या अॅपमध्ये पूर्ण राज्याचा नकाशा उतरवून घ्यायचा. वाहन दुचाकी ठेवायचं, नाहीतर यंत्र तुम्हाला खुशाल एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेऊन सोडेल, जिथे दुचाकीला बंदी आहे. मग रस्ता स्वतः ठरवायचा. पुणे, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव असे टप्पे एकेक करून टाकायचे, म्हणजे यंत्र तुमचा रस्ता चालवतं, तुम्ही त्याचा नाही. "याहून जलद मार्ग" सुचवण्याची सोय असेल तर ती बंद. कायमची बंद. सहलीला निघालेल्या माणसाला सात मिनिटं वाचवून करायचंय काय? शेवटी आवाज चालू आणि स्क्रीन काळा. शंका आली तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. दुचाकीचा हाच तर मोठा फायदा, कुठेही थांबता येतं.

हे माझंच खूळ नव्हे. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तसंच आहे. गाडी चालवताना फोन वापरायचा तर केवळ रस्ता शोधण्यासाठी, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो!

एवढं करूनही एक गोष्ट उरतेच. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. नकाशात तिथे रस्ता होता. तो पूल पाण्याखाली आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेत कोसळली, तिघे गेले. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात ते कळतं. पुढचा रस्ता आज जागेवर आहे का, हे त्याला कळत नाही. ते चहाच्या टपरीवर कळतं. म्हणून घाटाच्या पायथ्याशी चहा घ्यायचा आणि विचारायचं. "किती लांब?" असं नाही, "रस्ता चालू आहे का?" असं. या प्रश्नाचं उत्तर गावकरी चुकीचं देत नाहीत.

मित्राला काल हे सगळं परत सांगितलं. म्हणाला, "म्हणजे स्क्रीन नकोच?" मी म्हटलं, "घे की. पण मागे वहिनी बसणार आहेत ना? त्यांना विचारून घे."

आमच्याकडे आता फोन हँडलवर नसतो. तो बायकोच्या हातात असतो आणि स्पीकर माझ्या हेल्मेटमध्ये. वळण चुकलं तर भांडण होतं, अगदी जोरात होतं. पण ते मी समोर बघत करतो.

असो. बघा पटतंय का.