गिअर कुणाच्या हाती?

घरात पहिली मोटार घ्यायचे ठरले की रंगावरून आणि हप्त्यावरून जेवढी चर्चा होते, तेवढी गिअरवरून होत नाही. शोरूममध्ये पाऊल ठेवल्यावर मात्र विक्रेता हमखास विचारतो, 'घरात गाडी कोण कोण चालवणार?' नवरा म्हणतो, 'मी तर चालवीनच, पण हिलाही कधीमधी लागेल.' एवढे ऐकले की पुढचे वाक्य तयार असते. 'मग ऑटोमॅटिकच घ्या साहेब, मॅडमना सोपी पडेल.' मॅडम शेजारीच उभ्या असतात, पण त्यांना कुणी काही विचारलेले नसते.

हा प्रसंग आज शहरोशहरी घडतो. मुंबई-पुण्यात घडतो, तसाच इंदूर, हैदराबाद, बेंगळुरूला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही घडतो. गाडी घरात आठ-दहा वर्षे राहते. तिच्यासाठी जास्तीचे ५० हजार किंवा लाखभर रुपये मोजायचे की नाही, आणि घरातल्या कुणाकुणाला ती निर्धास्तपणे रस्त्यावर काढता येईल, या दोन्ही गोष्टी या एका निर्णयात ठरून जातात. म्हणून तो विक्रेत्याच्या एका वाक्यावर सोडू नये.

फरक आहे तरी काय?

मोटारीचे इंजिन ठरावीक वेगाने फिरत असतानाच नीट ओढू शकते. जागची गाडी हलवायला जोर जास्त लागतो आणि वेग कमी, तर मोकळ्या रस्त्यावर वेग जास्त लागतो आणि जोर कमी. ही जुळवाजुळव गिअर करतात, आणि गिअर बदलताना इंजिन व चाके यांची क्षणभर फारकत करण्याचे काम क्लचकडे असते. साध्या गाडीत क्लच डाव्या पायाने दाबायचा आणि गिअर डाव्या हाताने टाकायचा. ऑटोमॅटिकमध्ये ही दोन्ही कामे गाडी स्वतः करते. तिला क्लचचे पेडल नसते, फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असतात.

ही सोय नवी नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० सालच्या मॉडेलमध्ये पूर्ण स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर विकायला आणले. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये छोट्या गाडीत पट्ट्यावर चालणारी, गिअरचे टप्पेच नसलेली यंत्रणा दाखवली. आपल्याकडे मात्र १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० चार गिअरची साधी गाडी होती आणि मध्यमवर्गाच्या एका पिढीचा हात तिच्यावरच बसला. छोटी ऑटोमॅटिक गाडी अधूनमधून बाजारात येई, पण ती महाग पडे आणि पेट्रोलही जास्त पिई.

चित्र पालटले ते २०१४ मध्ये. त्या वर्षी मारुतीची सेलेरियो 'एएमटी' नावाची यंत्रणा घेऊन आली. यात गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीचेच असतात. फक्त पायाऐवजी क्लच दाबणारे आणि हाताऐवजी गिअर टाकणारे एक यंत्र वर बसवलेले असते. त्यामुळे ही सोय स्वस्त झाली आणि पुढे अनेक छोट्या गाड्यांत आली. याशिवाय टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या जातीही मिळतात. त्या चालवायला जास्त गुळगुळीत असतात आणि किमतीलाही जास्त.

पैशांचा हिशेब

एएमटी गाडी तशाच साध्या गाडीपेक्षा साधारण ५० हजार रुपयांनी महाग पडते. सीव्हीटीसाठी हा फरक लाखाच्या घरात जातो. हे पैसे बहुधा कर्जातच मिसळले जातात, म्हणून ते जाणवत नाहीत. पण ५० हजारांवर ९ टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता धरला, तर तो महिन्याला सुमारे १,०४० रुपये होतो आणि शेवटी जवळजवळ ६२ हजार रुपये भरले जातात. लाखाचा फरक असेल तर सुमारे सव्वा लाख. महिन्याला हजार रुपये ही कुणासाठी किरकोळ रक्कम असेल, तर कुणासाठी मुलाच्या शिकवणीची फी असेल.

'ऑटोमॅटिक पेट्रोल फार खाते' हा जुना आक्षेप मात्र आता सरसकट खरा राहिलेला नाही. २०१४ च्या सेलेरियोचे प्रमाणित ॲव्हरेज साध्या आणि एएमटी अशा दोन्ही प्रकारांत लिटरला २३.१ किलोमीटर असे एकच होते. तेव्हा पेट्रोलच्या भीतीने साधी गाडी घेण्यात अर्थ नाही. तिच्या बाजूची खरी कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण दुरुस्तीचे. साधा गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट ही तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकच्या हाताखालून शेकडो वेळा गेलेली कामे आहेत. एएमटीचे वरचे यंत्र किंवा त्याचा संगणक रुसला, तर त्याला तपासणी यंत्रे असलेली कार्यशाळाच लागते, आणि ती बहुतेक वेळा शहरात असते. सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबाने याचा विचार करावाच. बॅटरी उतरली, पण अगदीच मेलेली नसली, तर साधी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून चार जणांच्या धक्क्याने सुरू करता येते. ऑटोमॅटिकला धक्का मारून काही उपयोग नसतो. ती बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेणेही बरे नव्हे. पुढची चाके उचलून किंवा ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.

घाटात लागणारी कसोटी

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, कारण त्याचा संबंध जिवाशी आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणारे, आंबोलीमार्गे सावंतवाडी गाठणारे किंवा ताम्हिणीतून कोकणात उतरणारे कुटुंब चढताना सावध असते आणि उतरताना निर्धास्त होते. खरा धोका उतरताना असतो. गाडीत पाच माणसे आणि डिकीत सामान असताना मैलोन्‌मैल ब्रेकवर पाय ठेवून उतरले, तर ब्रेक तापतात. अति तापलेले ब्रेक पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

जुने चालक म्हणून सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली की इंजिनच तिला मागून धरून ठेवते, ब्रेक अधूनमधूनच लावावे लागतात आणि ते थंड राहतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे हा तर शुद्ध वेडेपणा. तेव्हा इंजिनाचा लगाम सुटतो. इंजिनच बंद केले, तर ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मिळणारी मदतही थांबते.

ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही असे नाही. बहुतेक गाड्यांत गिअर हाताने निवडण्याची किंवा खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवण्याची सोय असते. पण ती कधी वापरायची, हे ज्याला गिअर म्हणजे काय ते कळते त्यालाच सुचते. ज्याने आयुष्यात फक्त 'डी' वर दांडी ठेवून गाडी चालवली, तो घाटातही 'डी' वरच ठेवतो आणि ब्रेक दाबत राहतो. साधी गाडी ही गोष्ट पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या सवयीतून शिकवते.

चढावरही असेच. एएमटी गाडी चढावर थांबली असताना अनेक जण ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागीच तोलून धरतात. क्लच आतच असतो, तो दिसत नाही, म्हणून तो घासून तापतो आहे हे लक्षातही येत नाही. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या पुढे जातानाही एएमटी गिअर बदलायला क्षणभर थबकते. साध्या गाडीत चालक आधीच खालचा गिअर टाकून तयार असतो. समोरून एसटी येत असताना तो क्षण फार मोठा वाटतो.

'तिला जमणार नाही'

आता राहिला मॅडमचा प्रश्न. सोयीच्या वाहनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. १९८४ मध्ये आलेल्या बिनागिअरच्या, बटणावर सुरू होणाऱ्या कायनेटिक होंडाने आणि तिच्या मागून आलेल्या स्कूटरांनी लाखो स्त्रियांना बस आणि रिक्षाच्या रांगेतून सोडवले. त्या नोकरीला वेळेवर पोचू लागल्या, मुलांना शाळेत सोडू लागल्या. ते ऋण मोठेच आहे.

पण सोय स्वतः निवडणे वेगळे आणि 'तिला गिअर जमणार नाहीत' असे दुसऱ्याने ठरवणे वेगळे. क्लच आणि गिअर यांचा मेळ बसवणे हे ताकदीचे काम नाही, सवयीचे आहे. कुकरच्या शिट्ट्या, गॅसची आच आणि फोडणीची वेळ एकाच वेळी सांभाळणाऱ्या हातांना ते जमू नये, याला कुठलाही आधार नाही. बहुतेक घरांत खरी अडचण शिकवण्याची असते. नवरा शेजारी बसतो, दोनदा गाडी बंद पडली की ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी शिकवणी संपते. मग 'तिला आवडच नाही' असे नाव दिले जाते. अशा वेळी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणे सर्वांत शहाणपणाचे. घरातल्यांनी शिकवायचे असेल, तर गाडी बंद पडणे हा शिकण्याचाच भाग आहे, हे आधी स्वतःला समजवावे.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या काळात रोज अर्धा तास सराव केला तरी हात बसतो. पहिल्या आठवड्यात मोकळ्या मैदानावर फक्त क्लच हळू सोडत गाडी हलवायला शिकावे, ॲक्सिलरेटरला हात लावण्याची घाई नको. क्लच कुठे पकडतो ते पायाला कळले की निम्मे शिक्षण झाले. मग चढावर हँडब्रेक ओढून, क्लच पकडल्यावर तो सोडत गाडी पुढे काढण्याचा सराव करावा. एरवी मात्र क्लचवर पाय टेकवून ठेवू नये, त्याने क्लचप्लेट लवकर झिजते.

भारतात मोटारीचा परवाना दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो. ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मुलगी उद्या लंडनला शिकायला वा नोकरीला जाणार असेल, तर घरच्या साध्या गाडीवर बसलेला हात तिला तिथेही उपयोगी पडेल. आणि इथे, रात्री घरात कुणाला छातीत दुखू लागले, शेजाऱ्यांची साधी गाडी दारात उभी आहे, पण ती चालवता येत नाही, अशी वेळ तरी तिच्यावर येणार नाही.

ऑटोमॅटिक कुणी घ्यावी?

साधी गाडी सर्वांनाच योग्य, असा आग्रह मात्र धरू नये. ज्यांच्या डाव्या गुडघ्याला संधिवात आहे, डाव्या पायात अधूपण आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक ही चैन नव्हे, गरज आहे. रोज दोन-दोन तास खोळंबलेल्या वाहतुकीतून ऑफिस गाठणाऱ्याने शेकडो वेळा क्लच दाबून पाय का दुखवून घ्यावा? त्याने जास्तीचे पैसे जरूर मोजावेत. साठीनंतर गाडी शिकायला निघालेल्यांनाही ती सोपी जाते. एक पथ्य मात्र कडक पाळावे. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबायचे आणि डावा पाय बाजूला ठेवायचा. घाईत ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर गाडी थेट पुढे झेपावते.

विजेवरच्या गाड्यांत गिअर बदलण्याची भानगडच नाही. २०२२ मध्ये टियागोसारखी छोटी गाडीही विजेवर आली. म्हणजे पुढेमागे हा वाद आपोआप मिटेलही. पण आज रस्त्यावर साध्या गाड्या भरपूर आहेत आणि पुढची कित्येक वर्षे राहतील.

तेव्हा शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत. गाडी रोज किती आणि कुठल्या रस्त्यावर चालणार? वर्षातून किती वेळा घाट ओलांडायचा आहे? गावाजवळ दुरुस्तीची काय सोय आहे? आणि कुणाच्या पायाला काही त्रास आहे का? मग दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवून पाहाव्यात, त्याही सपाट रस्त्यावर नव्हे, तर जवळच्या चढावर आणि गर्दीत. आणि चालवून पाहताना किल्ली आधी तिच्या हातात द्यावी. निम्मा वेळ गाडी तिलाच चालवायची असेल, तर गिअर हवा की नको, हे सांगण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.